एपिक, स्टीम आणि ‘फक्त आमच्याकडेच’ : गेमच्या दुकानांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टीम आणि एपिक ही पीसीवरचे गेम ऑनलाइन विकणारी दोन मोठी दुकानं. नवा मोठा गेम जाहीर झाला की दहा मिनिटांत कुणीतरी विचारतंच, “स्टीमवर का नाही?” मग नेहमीची भांडणं सुरू होतात. मी गेली काही वर्षं या विषयावर मित्रांना तीच तीच उत्तरं देतोय, म्हणून ती इथे एकत्र लिहून काढली. सगळी चर्चा मुख्यतः पीसी गेमची आहे. कन्सोल आणि फोनचा विषय जिथे खरोखर जोडलेला आहे तिथेच घेतला आहे.

एक्सक्लुझिव्ह करार म्हणजे नेमकं काय?

एखादा गेम ठरावीक काळ पीसीवर एकाच दुकानातून विकायचा, असा दुकान आणि पब्लिशर (गेम बाजारात आणणारी कंपनी) यांच्यातला करार. मुदत बहुतेक वेळा सहा महिने किंवा वर्षभर असते. बॉर्डरलँड्स ३ हा गेम १३ सप्टेंबर २०१९ रोजी एपिकवर आला आणि बरोबर सहा महिन्यांनी, १३ मार्च २०२० रोजी, स्टीमवर. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर मात्र तो पहिल्या दिवसापासून होता.

या शब्दाखाली लोक आणखी दोन गोष्टी ढकलतात. एक म्हणजे दुकानदाराचा स्वतःचा माल. काउंटर-स्ट्राइक २ स्टीमवरच मिळतो, कारण तो व्हॉल्व्हचा आहे आणि स्टीमही व्हॉल्व्हचंच. दुसरी म्हणजे कसलाही करार नसताना डेव्हलपरने (गेम बनवणाऱ्याने) गेम फक्त स्टीमवर ठेवणं. गिऱ्हाईक तिथेच आहे, मग दुसऱ्या दुकानासाठी वेगळी मेहनत कशाला, हा त्यामागचा साधा हिशेब. हा तिसरा प्रकार संख्येने सगळ्यात मोठा आहे आणि त्यावर कुणीही चिडत नाही. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

हे सगळं एपिकनेच सुरू केलं ना?

नाही. स्टीम १२ सप्टेंबर २००३ रोजी सुरू झालं. नोव्हेंबर २००४ मध्ये हाफ-लाइफ २ आला तेव्हा दुकानातून खोका विकत आणला तरी स्टीमचं अकाउंट काढल्याशिवाय तो चालत नव्हता. त्या काळी लोकांनी स्टीमला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. आपल्या पिढीला जे दुकान घरासारखं वाटतं, त्याची पहिली मोठी गर्दी अशाच सक्तीतून जमली. नंतर स्टीमने सेल, विशलिस्ट, रिव्ह्यू, वर्कशॉप, रिफंड अशा सोयी देऊन लोकांचं मन जिंकलं, ते श्रेय त्यांचंच. पण सुरुवात कशी झाली ते विसरून एपिकला ‘पहिला गुन्हेगार’ ठरवणं बरोबर नाही.

त्यानंतर ईए, युबिसॉफ्ट, ब्लिझार्ड या गेम कंपन्यांनीही आपापली दुकानं आणि लाँचर (गेम उतरवून सुरू करून देणारी ॲप) काढले, आपले गेम तिथेच ठेवले. एपिकने वेगळं काय केलं, तर दुसऱ्यांचे गेम पैसे मोजून आपल्याकडे आणले.

एपिकला पैसे देऊन गेम का आणावे लागले? चांगलं दुकान काढलं असतं तर लोक आपोआप आले नसते का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. माझं उत्तर : आले नसते.

तुमच्या स्टीम लायब्ररीत दोनशे गेम आहेत, मित्रांची यादी तिथे आहे, सेव्ह फाइल तिथे आहेत. शेजारी नवं दुकान उघडलं, माल तोच आणि भावही तोच, तर तुम्ही तिकडे जाल कशाला? डिस्कॉर्डने २०१८ मध्ये स्वतःचं गेम स्टोअर काढलं आणि डेव्हलपरला नव्वद टक्के द्यायची तयारी दाखवली. पुढच्याच वर्षी ते गुंडाळावं लागलं. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने सुरू केलेलं जीओजी हे दुकान २००८ पासून आहे. तिथला गेम कुठल्याही कुलपाशिवाय मिळतो, म्हणजे इंस्टॉलर तुमच्या हार्ड डिस्कवर कायमचा ठेवता येतो. ग्राहकाच्या दृष्टीने यापेक्षा चांगला व्यवहार नाही. तरी ते दुकान स्टीमच्या मानाने लहानच राहिलं.

नव्या दुकानाकडे गिऱ्हाईक वळवायचं तर त्याच्याकडे असं काहीतरी हवं जे दुसरीकडे मिळत नाही. एपिकचे प्रमुख टिम स्वीनी यांनी ६ डिसेंबर २०१८ रोजी दुकान उघडलं तेव्हा फोर्टनाइट या एपिकच्याच गाजलेल्या गेमचा पैसा हाताशी होता. तो त्यांनी करारांत ओतला. डेव्हलपरला ८८ टक्के, दुकानाला १२ टक्के, आणि गेम अनरिअल इंजिनवर (गेम बनवण्याचं एपिकचंच सॉफ्टवेअर) बनवलेला असेल तर इंजिनची पाच टक्के रॉयल्टीही त्या बारातच धरली. स्टीम तेव्हा तीस टक्के घेत होतं. एपिकच्या घोषणेच्या काही दिवस आधीच, ३० नोव्हेंबर २०१८ रोजी, व्हॉल्व्हने जाहीर केलं की एक कोटी डॉलरच्या पुढच्या कमाईवर पंचवीस आणि पाच कोटींच्या पुढे वीस टक्के घेऊ. ही सवलत मोठ्या पब्लिशरना. छोट्यांसाठी तीस ते तीसच.

२०१९ च्या एप्रिलमध्ये स्वीनी यांनी जाहीरपणे सांगितलं की स्टीमने सगळ्या डेव्हलपरना कायमस्वरूपी ८८ टक्के दिले तर आम्ही एक्सक्लुझिव्ह करार थांबवू. व्हॉल्व्हने ते केलं नाही.

करारात पैशांचं कसं ठरतं?

ज्यांच्या गावाकडे ऊसतोड होते त्यांना ‘उचल’ हा शब्द समजावून सांगायला नको. एपिकच्या कराराचा गाभा तोच : किमान विक्रीची हमी. दुकान म्हणतं, तुमचा गेम आमच्याकडे अमुक इतका विकला जाईल असं धरून एवढी रक्कम आम्ही देतो. मग विक्रीतून डेव्हलपरचा जो वाटा निघतो त्यातून आधी ही उचल वळती होते. फिटली की पुढचा पैसा डेव्हलपरला मिळू लागतो. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की गेम पडला तर उरलेली उचल डेव्हलपरच्या डोक्यावर बसत नाही. तोटा दुकानाचा.

एरवी हे आकडे गुलदस्त्यातच राहतात. पण एपिकने ॲपलला कोर्टात खेचलं आणि २०२१ च्या त्या खटल्यात एपिकचीच कागदपत्रं उघड झाली. बॉर्डरलँड्स ३ साठी किमान हमी आठ कोटी डॉलरची होती आणि ती पहिल्या दोन आठवड्यांतच फिटली. कंट्रोल या गेमचा आकडा वेगळ्या वाटेने बाहेर आला. त्याच्या इटालियन पब्लिशरच्या हिशेबांत सुमारे ९४ लाख ९० हजार युरोंची नोंद सापडली. हा गेम २७ ऑगस्ट २०१९ रोजी एपिकवर आला आणि वर्षाने स्टीमवर.

सगळेच करार बॉर्डरलँड्ससारखे फळले नाहीत. त्याच कागदपत्रांनुसार नुसत्या २०२० सालासाठी एपिकने ४४ कोटी ४० लाख डॉलरच्या हम्या दिल्या होत्या, आणि दुकान तोट्यात होतं.

मग लोक एवढे का चिडले? दुसरा लाँचर डाउनलोड करायला दोन मिनिटं लागतात.

लाँचरचं कारण वरवरचं आहे. खरा राग दिलेला शब्द मोडल्याचा होता, आणि त्या बाबतीत मी चिडणाऱ्यांच्या बाजूने आहे.

मेट्रो एक्सोडस १५ फेब्रुवारी २०१९ रोजी येणार होता. स्टीमवर लोक महिनोन्महिने प्री-ऑर्डर करत होते. २८ जानेवारीला, म्हणजे अठरा दिवस आधी, जाहीर झालं की गेम आता एपिकवरच मिळेल. आधी पैसे भरलेल्यांना तो स्टीमवर मिळाला, पण बाकीच्यांसाठी दार बंद झालं ते वर्षभर. स्टीमने गेमच्या पानावर सरळ लिहिलं की हा निर्णय आमच्या ग्राहकांवर अन्याय करणारा आहे.

लोकवर्गणीच्या गेमांत तर जास्तच वाईट झालं. शेनम्यू ३ साठी २०१५ मध्ये चाहत्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर ६३ लाख डॉलरच्या वर जमवून दिले. जून २०१९ मध्ये त्यांना कळलं की पीसीवर तो एपिकवरच येणार. फेनिक्स पॉइंटच्या वर्गणीदारांना मार्चमध्ये असाच धक्का बसला होता. पुढे पैसे परत देण्याची सोय दोन्हीकडे झाली, पण वर्गणी देणारा माणूस काही माल विकत घेत नसतो. तो विश्वास टाकतो. गणपतीची वर्गणी घेऊन मंडळाने दुसऱ्याच आळीत मांडव घातला तर पावती परत घेऊन कुणाचं समाधान होईल?

पण याच रागाने नंतर हद्द सोडली. उब्लेट्स नावाचा एक गोड, छोटा गेम दोन माणसं मिळून बनवत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी एपिकशी करार जाहीर केला. त्या दोघांना हजारो शिव्या आणि धमक्या आल्या, त्यांच्या तोंडी खोटी वाक्यंही घालण्यात आली. त्या दोघांचा काय अपराध होता? वर्षानुवर्षं घाम गाळणाऱ्या दोन माणसांना पुढच्या किराण्याची शाश्वती मिळाली, यात कुणाचं काही गेलं नव्हतं.

एपिक बारा टक्केच घेतं, तर गेम तिथे स्वस्त का नसतो?

साठ डॉलरच्या गेमचा हिशेब करू. तीस टक्के कापले तर पब्लिशरच्या हातात ४२ डॉलर पडतात. बारा टक्के कापले तर ५२ डॉलर ८० सेंट. मधले जवळपास अकरा डॉलर कुणाचे? मेट्रो एक्सोडसच्या वेळी अमेरिकेत गेम एपिकवर खरोखर दहा डॉलर स्वस्त ठेवला होता. पण तो अपवाद ठरला. सहसा तो फरक पब्लिशरच्या खिशात जातो.

पब्लिशरचा लोभ हे एक कारण झालं. दुसरं कारण जास्त गंभीर आहे आणि त्याबद्दल फारच थोडे लोक बोलतात.

एप्रिल २०२१ मध्ये वोल्फायर गेम्स या छोट्या अमेरिकी स्टुडिओने व्हॉल्व्हवर खटला भरला. हम्बल बंडल हे गेमचे गठ्ठे स्वस्तात विकणारं दुकान ज्यांच्याकडून सुरू झालं तेच हे लोक. त्यांचा आरोप असा : दुसऱ्या दुकानात कमी टक्का कापला जातो म्हणून आम्ही गेम तिथे स्वस्त ठेवायचं म्हटलं, तर स्टीम तो आपल्याकडून काढून टाकण्याची भीती घालतं. स्टीमच्या लेखी नियमांत किमतीची अट आहे ती स्टीम कीसाठी, म्हणजे गेम स्टीमवर मिळवून देणाऱ्या कोडसाठी. या की डेव्हलपरला फुकट मिळतात, त्या बाहेर विकता येतात आणि स्टीम त्यावर काही घेत नाही. त्या बदल्यात स्टीमच्या ग्राहकाला वाईट भाव देऊ नका, एवढं ते मागतात, आणि ते मला रास्त वाटतं. वोल्फायरचं म्हणणं की ही अट स्टीमशी संबंध नसलेल्या प्रतींनाही लावली जाते. व्हॉल्व्हला हे मान्य नाही. २०२१ मध्ये दावा एकदा फेटाळला गेला, सुधारून पुन्हा दाखल झाला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सिॲटलच्या न्यायालयाने तो स्टीमवर गेम विकणाऱ्या सगळ्या गटाच्या वतीने चालवायला परवानगी दिली. ब्रिटनमध्येही २०२४ च्या जूनमध्ये ग्राहकांच्या वतीने ६५ कोटी ६० लाख पौंडांचा दावा दाखल झाला, त्यातही हाच मुद्दा आहे.

आरोप खरा की खोटा हे न्यायालय ठरवेल. पण समजा तो खरा असेल, तर काय होतं ते बघा. आडत कमी घेणारा आडत्या बाजारात आला, पण शेतकऱ्याने त्याच्या गाळ्यावर भाव उतरवला तर जुना आडत्या आपल्या गाळ्याचं दार बंद करतो. मग नव्या आडत्याकडे गिऱ्हाईक ओढायला स्वस्ताईचं हत्यार उरतच नाही, आणि उरतो तो एकच मार्ग : माल अडवून धरणं. एक्सक्लुझिव्ह करार डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याच्यावर ओरड होते. किमतीची अट कुणाच्या स्क्रीनवर दिसत नाही, आणि प्रत्येक खरेदीत खिशाला लागू शकते ती तीच.

एपिकवर घेतलेला गेम नंतर स्टीमवर आला, तर तिथे फुकट मिळतो का?

नाही. पुन्हा विकत घ्यावा लागतो. सेव्ह फाइल कधी हाताने नेता येते, कधी नाही. ते गेमवर अवलंबून आहे.

आठवड्याला फुकट गेम देऊन एपिकला काय मिळतं?

अकाउंट. पहिला फुकट गेम सबनॉटिका, डिसेंबर २०१८. त्यासाठी एपिकने डेव्हलपरला एकरकमी १४ लाख डॉलर दिले आणि सुमारे आठ लाख नवे ग्राहक आले. म्हणजे माणशी पावणेदोन डॉलर. जाहिरातीवर खर्च करून इतक्या स्वस्तात माणूस मिळणं कठीण. मे २०२० मध्ये जीटीए ५ फुकट दिला तेव्हा गर्दीने दुकानच काही तास कोसळलं होतं.

आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरांसाठी याचं मोल वेगळं आहे. दोन-तीन हजारांचा गेम घेणं ज्याला शक्य नाही, त्याच्यापुढे पूर्वी क्रॅक केलेली प्रत हाच रस्ता असायचा. त्याला आज रीतसर लायब्ररी जमवता येते. फुकट घेऊन विकतचा माल मात्र स्टीमवरून घेणारेही कमी नाहीत, आणि एपिकची दुखरी नस तीच.

ज्या गेमला एपिकनेच पैसे पुरवले, त्याचं काय?

तो वेगळा प्रकार. फिनलंडच्या रेमेडीचा ॲलन वेक २ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. त्याचा पब्लिशर एपिक आणि गेम बनवण्याचा खर्चही एपिकचा. तो स्टीमवर नाही याचं वाईट वाटतं, पण तक्रारीला जागा दिसत नाही. ज्याने बी-बियाण्याला पैसे दिले त्याने पीक आपल्या गाळ्यावर मागितलं, तर त्यात गैर काय? तयार झालेला गेम शेवटच्या पंधरवड्यात दुसऱ्याच्या गाळ्यावरून उचलून नेणं, हे मात्र वेगळं.

एपिक स्वतः असे करार करतं आणि गुगल-ॲपलवर स्पर्धा मारल्याचा खटला भरतं. हे कसं काय?

प्रश्न रास्त आहे. १३ ऑगस्ट २०२० रोजी एपिकने दोघांवर खटले भरले. गुगलविरुद्धच्या सुनावणीत असं समोर आलं की बड्या गेम कंपन्यांशी गुगलने कोट्यवधी डॉलरचे करार केले होते. ॲक्टिव्हिजन-ब्लिझार्डच्या बाबतीत ही रक्कम तीन वर्षांत ३६ कोटी डॉलरपर्यंत जात होती. या कंपन्यांनी स्वतःची दुकानं काढू नयेत म्हणून हे केलं, असं एपिकचं म्हणणं. गुगलने ते नाकारलं. ११ डिसेंबर २०२३ रोजी ज्युरीने एपिकच्या बाजूने निकाल दिला.

दोन्हीकडे पैसे देऊन गेम धरले, मग फरक काय? फरक हत्यार कुणाच्या हातात आहे याचा. बाजारात पाय ठेवायला जागा नसलेल्या नवख्याने पैसे मोजून काही गेम वर्षभर आणले, तरी जुन्या दुकानाचं दार उघडंच राहतं. बाजार ज्याच्या मुठीत आहे त्यानेच पैसे वाटले, तर नवखा आतच येऊ शकत नाही. स्पर्धेचा कायदा जवळपास सगळीकडे हाच भेद करतो.

भारतात असे करार बेकायदेशीर आहेत का?

मुळातच बेकायदेशीर, असं नाही. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३(४) मध्ये एकाच विक्रेत्याला बांधून घेणाऱ्या करारांचा उल्लेख आहे, पण त्यामुळे स्पर्धेवर लक्षणीय वाईट परिणाम होत असेल तरच तो बाद ठरतो. नव्यांना प्रवेश अडतो का, जुने हुसकले जातात का, ग्राहकाला फायदा होतो का, हे सगळं तोलून पाहिलं जातं. कलम ४ बाजारावर वर्चस्व असणाऱ्याच्या गैरवापराचं. गुगल प्लेच्या बिलिंग सक्तीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला ९३६ कोटी ४४ लाख रुपयांचा दंड केला तो याच कलमाखाली. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो २१६ कोटी ६९ लाखांवर आणला.

छोट्या स्टुडिओने असा करार घ्यावा का?

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने बनवलेला ‘राजी’ ऑगस्ट २०२० मध्ये आधी फक्त निन्टेंडो स्विचवर आला. पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवाल्यांना १५ ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. या गेमची किकस्टार्टर मोहीम २०१७ मध्ये अपुरी राहिली होती. लोकवर्गणी जमली नाही, तरी गेम तडीस गेला आणि निन्टेंडोच्या कार्यक्रमात जगापुढे झळकला. दोन महिने थांबावं लागलं म्हणून मी त्या मंडळींवर रागवावं, हे मला कधी सुचलंही नाही. आपल्या गावचा गेम जगाच्या बाजारात उभा होता, त्याचा आनंद जास्त होता.

पैशाची हमी मिळत असेल तर घ्या, असंच मी सांगेन. दोन गोष्टी मात्र सांभाळा. प्री-ऑर्डर किंवा वर्गणी घेण्याआधी करार करा, नंतर नाही. आणि उचलीची किंमत ओळखा : वर्षभराने स्टीमवर आलात तर तोवर गेमचा पहिला गाजावाजा संपलेला असतो. एपिकने ऑगस्ट २०२३ मध्ये दुसरा पर्यायही ठेवला. सहा महिने आमच्याकडेच राहा आणि त्या काळातले शंभर टक्के पैसे तुमचे. इथे उचल नाही, म्हणजे गेम चालला नाही तर शून्याचे शंभर टक्के. छोट्यांसाठी मला जून २०२५ पासूनची सवलत जास्त कामाची वाटते : प्रत्येक गेमच्या वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर एपिक काहीच कापत नाही, आणि त्यासाठी एक्सक्लुझिव्ह राहण्याची अट नाही.

एवढं करून एपिक जिंकलं का?

दुकान म्हणून, अजून नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टोअरच्या प्रमुखांनी न्यायालयात सांगितलं की ते अजून नफ्यात आलेलं नाही. त्याआधी सप्टेंबरमध्ये एपिकने सुमारे ८३० जणांना कामावरून कमी केलं होतं. स्टीमवर मार्च २०२५ मध्ये एकाच वेळी चार कोटींहून जास्त लोक होते. ईए २०१९ मध्ये स्टीमवर परतलं, युबिसॉफ्ट २०२२ च्या अखेरीस. एपिकच्या दुकानात साधी शॉपिंग कार्ट यायला डिसेंबर २०२१ उजाडला, म्हणजे तीन वर्षं. गेम विकत आणता येतात, पण दुकानात रेंगाळावंसं वाटणं विकत आणता येत नाही, आणि तिथे एपिकने फार उशीर केला.

पण टक्केवारीच्या लढाईत डेव्हलपरचं भलं झालं. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ पासून पीसी गेमवरचा आपला वाटा तीसवरून बारावर आणला. तीस टक्के हा जणू निसर्गनियम आहे असं मानलं जायचं, ते आता कुणी मानत नाही.

मग मी गेम कुठून घेऊ?

आधी जीओजीवर बघा, तिथली प्रत खऱ्या अर्थाने तुमच्या हातात राहते. तिथे नसेल तर ज्या दुकानात मित्र आहेत तिथून. एपिकवर मोठ्या सेलमध्ये चांगली सूट मिळत असेल तेव्हा तिथे. मुदतीचा करार असेल आणि घाई नसेल तर थांबा. वर्षाने तो गेम बहुधा सगळीकडे, जास्त दुरुस्त होऊन आणि कमी किमतीत मिळेल. आणि प्री-ऑर्डर करू नका. डाउनलोडचा माल संपत नाही.